अबोलीच्या डाव्या बाजूला

रविवारी सकाळी स्वारगेटला बसची वाट पाहत उभ्या असलेल्या श्यामलाबाईंकडे बघून कुणालाही वाटलं असतं, बाई देवदर्शनाला निघाल्यात. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीत मात्र नारळ-फुलं नव्हती. कॅनव्हासचे बूट होते, थोडी गाजरं होती आणि कितीही धुतला तरी घोड्याचे केस न सोडणारा एक जुना टॉवेल होता.

आणि मनात एक वाक्य होतं. गेले कित्येक रविवार त्या ते वाक्य सदाशिव पेठेतून पाठ करून नेत आणि न बोलताच परत आणत. नटीनं रंग लावून विंगेत उभं राहावं आणि तिचा प्रवेशच येऊ नये, तसं चाललं होतं. वाक्य काही अवघड नव्हतं. "मच्छिंद्र, आता माझ्याच्यानं होत नाही." एवढंच.

बस आली. श्यामलाबाईंनी डाव्या हातानं दांडी धरली आणि चढल्या. उजवा हात खांद्यापासून निकामी होत आला होता. वेणी घालायची तर डोकं हाताकडे न्यावं लागे. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला होता आणि विचारलं होतं, "काय उचलता हो एवढं? पाण्याच्या बादल्या?"

"माणूस," श्यामलाबाई म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांना वाटलं, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि हे उचलणं आता बंद, असं बजावलं. घोड्याचं सांगत बसायचा श्यामलाबाईंना कंटाळा आला. आयुष्यभर सांगून झालं होतं.

हे घोड्याचं प्रकरण सुरू झालं तेव्हा पुण्यात टांगे अखेरच्या घटका मोजत होते. साल ऐंशीच्या आसपासचं. हेमाताई नावाच्या एक बाई होत्या. पोलिओनं किंवा जन्माच्या वेळच्या इजेनं हातपाय अडलेल्या मुलांना त्या व्यायामाचे उपचार देत. विलायतेला शिकायला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी तिथं अशी मुलं घोड्यावर बसलेली पाहिली. घोडा चालताना त्याची पाठ जशी हलते, तशीच चालणाऱ्या माणसाची कंबर हलते; जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या कमरेला घोडा चालणं शिकवतो. हेमाताईंनी परत आल्यावर हे पुण्यात सांगितलं. ऐकणारे काही हसले, बऱ्याच जणांनी सल्ले दिले. मदतीला आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यातल्या एक श्यामलाबाई. तेव्हा त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर एकाला दुसऱ्याशी जोडून द्यायचं आणि आपण मध्ये कान घालायचा नाही, असं ते काम. वाचनालयाच्या फळ्यावर हेमाताईंनी लावलेली सूचना त्यांनी वाचली. 'उंच व्यक्तींस प्राधान्य' असं त्यात लिहिलं होतं. उंचीपायी लग्न जमायला त्यांना फार त्रास झाला होता. आपल्या उंचीची कुणाला गरज आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच वाचलं.

घोडी मिळाली ती अय्युबमुळे. अय्युबचे वडील स्वारगेटला टांगा लावत. रिक्षांनी टांग्यांचा धंदा बसवला आणि अय्युबनं स्वतः रिक्षाचं परमिट काढलं. म्हातारा येईल त्याला सांगे, "माझा पोरगा माझ्याच पोटावर तीन चाकं चढवून गेला." त्यांची घोडी शेवंती रिकामी उभी होती. ती हेमाताईंनी मागितली. घोडी देतो म्हणून अय्युब तिच्याबरोबर आला आणि दोर हातात धरून जो उभा राहिला तो राहिलाच.

पद्धत अशी होती. घोडी विटांच्या ओट्याला लावायची. ओट्यावरून स्वाराला उचलून खोगिरावर ठेवायचं. एकानं पुढं दोर धरायचा, एकानं उजवीकडून चालायचं, एकानं डावीकडून. बाजूच्या माणसानं हात वर करून स्वाराच्या मांडीवर आडवा ठेवायचा आणि फेरी संपेपर्यंत तो काढायचा नाही. स्वार कलला की त्या हातावर यायचा. श्यामलाबाईंच्या वाट्याला डावी बाजू आली आणि स्वार आला मच्छिंद्र.

मच्छिंद्र स्वारगेटजवळ फुलांचे गजरे विकणाऱ्या सरुबाईचा धाकटा मुलगा. तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. डोकं तल्लख, पण पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, जीभ जड. पहिल्या दिवशी त्याला शेवंतीवर बसवलं, अय्युबनं सवयीनं जीभ टाळूला लावून टक् केलं आणि घोडी निघाली. पोरगं किंचाळलं. हेमाताईंनी घोडी थांबवली.

"याला विचारलंत का कुणी?" त्या म्हणाल्या.

अय्युब म्हणाला, "ताई, टांग्यात सवारी बसली की निघायचं. सवारीला काय विचारायचं?"

"या मुलांना दुसरेच उठवतात, दुसरेच बसवतात, भरवतात, निजवतात. इथं तरी तसं नको. निघायचं कधी ते स्वार सांगेल. थांबायचं कधी तेही स्वारच सांगेल. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. मीसुद्धा नाही."

मग सगळे थांबले. मच्छिंद्रच्या तोंडून शब्द निघेना. मान वाकडी झाली, ओठ वळले, घाम फुटला. अय्युब पुटपुटला, "एवढ्यात अब्बा बंडगार्डनला जाऊन आले असते." शेवटी पोरानं सगळा जीव एकवटला आणि तोंडातून आलं, "अल." चल म्हणायचं होतं. शेवंती निघाली. फेरी संपायला आली तेव्हा आलं, "आंब." शेवंती थांबली. घरी मच्छिंद्रनं आईला सांगितलं ते घोड्याबद्दल नव्हतंच. "अय्युबभाईच्या डोक्यावर मध्येच केस नाहीत," असं त्यानं अडखळत सांगितलं. माणसाचं डोकं वरून कसं दिसतं, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.

हेमाताईंचा तो नियम या मंडळींत दगडावरची रेघ होऊन बसला. पाऊस असो, बंद असो, स्वार आला की घोडी बाहेर काढायची. शेवंती गेली, तिच्या जागी जाई आली. जाई गेली, अबोली आली. प्रत्येकीला अय्युबनं 'अल' आणि 'आंब' शिकवलं; मच्छिंद्रची जीभ पुढं बरीच सुटली, तरी घोडीसाठी शब्द हेच राहिले. स्वारगेटच्या ज्या शाळेच्या मैदानावर सुरुवात झाली होती, तिथं भिंत उठली. मग नदीकाठी काही वर्षं काढली, तिथं रस्ता झाला. शेवटी हिंजवडीच्या दत्तोबांनी आपल्या रानात जागा दिली. तेव्हा हिंजवडीला भाताची खाचरं होती आणि बस दिवसातून मोजक्या फेऱ्या करी. दत्तोबांनी स्वतः विटांचा ओटा बांधला, चाकाची खुर्ची चढावी म्हणून त्याला उतार केला आणि पुढं स्वतःच उजवीकडून चालायला लागले.

एक गोष्ट मात्र ठरवायची राहून गेली. स्वारानं कधी थांबायचं हे हेमाताईंनी नेमून दिलं. बाजूनं चालणाऱ्यानं कधी थांबायचं, हे त्यांनाही सुचलं नाही. भल्या माणसांकडूनच अशी चूक होते. त्यांना वाटतं, आपण दमणार नाही.

माणसं दमली. लग्नं झाली, बदल्या झाल्या, कुणी अमेरिकेला गेलं. जाताना कुणी सांगून गेलं नाही, कारण 'मी थांबतो' म्हणायची तिथं रीतच नव्हती. एखाद्या रविवारी माणूस नुसता येईनासा व्हायचा. आणि ओट्यावर त्याचा स्वार रस्त्याकडे बघत बसायचा. नजमा नावाची एक लहान मुलगी होती. तिच्या उजवीकडून चालणारा कॉलेजचा विद्यार्थी असाच नाहीसा झाला. ती पोर ओट्यावर बसून राहिली आणि कुणी कितीही विचारलं तरी 'चल' म्हणेना. नियमच होता, ती म्हणेपर्यंत घोडी हलायची नाही. घोडी उभी, माणसं उभी. ऊन चढलं. अखेर तिचे वडील तिला उचलून घेऊन गेले. त्या दिवशी श्यामलाबाईंनी मनाशी ठरवलं, आपण असं करायचं नाही. जाऊ तेव्हा तोंडावर सांगून जाऊ.

गोपाळकृष्ण, म्हणजे श्यामलाबाईंचे यजमान, आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सौभाग्यवती रविवारी पागेत असतात. काम असेल तर सोमवारी या." सदाशिव पेठेतला माणूस, त्यापलीकडे तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाले होते, "एखाद्या रविवारी दोघं मिळून गरम पोहे खाऊ. घोडी काही म्हणणार नाही." श्यामलाबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी." ते असेच एका आठवड्याच्या मध्येच गेले.

हेमाताई थकून मुलीकडे परदेशी गेल्या आणि तिथंच वारल्या. स्वार कमी झाले. नव्या मुलांना आईबाप यंत्रं असलेल्या केंद्रांत नेऊ लागले. शेवटी उरला मच्छिंद्र. डोक्याला टक्कल, अंगानं भरलेला, पन्नाशीकडे झुकलेला. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात तो खुर्चीत बसून असे. गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून भावाशी बोले. सरकारनं अपंगांना दिव्यांग म्हणायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला होता, "नाव बदललं. जिना तोच आहे."

सरुबाई गेली त्यानंतरच्या रविवारीही तो आला होता. घोडीवर बसला आणि 'आंब' म्हणालाच नाही. अय्युब, दत्तोबा आणि श्यामलाबाई त्याच्याबरोबर चालत राहिले. किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही.

अशा माणसाला सांगायचं होतं, आता होत नाही.

बदली माणूस शोधून पाहिला होता. हिंजवडीला आयटी पार्क आलं, तेव्हा वाटलं, आता तरुण हातांची काय कमी. एका कंपनीतून एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं आली. छान होती, हसरी होती. एकानं सगळं बघून सांगितलं, "आँटी, हे सगळं ॲपवर मॅनेज करता येईल. व्हॉलंटिअर शेड्यूलिंग वगैरे."

अय्युबनं विचारलं, "घोडी पण त्याच्यातूनच उतरते का, की ती आणावी लागते?"

मुलं मनापासून हसली. फोटो काढले. पुढच्या रविवारी दोघं आली, त्याच्या पुढच्या रविवारी कुणीच नाही. त्यांनाही दोष नव्हता. आठवडाभर बसमध्ये आणि पडद्यासमोर पिळून निघालेली पोरं. शिवाय मच्छिंद्रचं वजन पेलायला नुसती ताकद पुरत नसे. तो कुठं कलणार हे त्याच्या आधी हाताला कळावं लागे. श्यामलाबाईंना कळे. एवढंच काय, मच्छिंद्र खोटं बोलला तरी त्यांच्या हाताला कळे. लहानपणी सरुबाईनं विचारलं होतं, "अय्युबभाईनं परत भजी खाऊ घातली ना रे?" पोरगं म्हणालं "नाही," आणि श्यामलाबाईंच्या हाताखाली त्याचा डावा पाय लाकूड झाला. तेव्हापासून खोटं बोलला की तो पाय ताठ व्हायचा. त्याला तो सैल सोडता येत नसे. श्यामलाबाईंनी हे गुपित कुणाला सांगितलं नाही.

बस उतरून त्या कुंपणाशी आल्या, तेव्हा अय्युबची रिक्षा येऊन थांबली होती. मागच्या सीटवर मच्छिंद्र, त्याच्या पायाशी घडीची खुर्ची. दत्तोबांच्या मुलांनी रानात कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं द्यायला इमारती उठवल्या होत्या. मध्ये ही एक पट्टी, चिंचेचं झाड, ओटा आणि अबोलीचं छप्पर तेवढं राहिलं होतं. गॅलरीतून कुणी टॉवेल वाळत घालता घालता खाली बघत होतं.

दत्तोबा छपरातून खरारा हातात घेऊन आले. अबोलीचं अंग घासून झालं होतं.

"ताई, आज तुमचं तोंड उतरल्यालं दिसतंय," ते म्हणाले.

"बस गच्च होती."

"बस रोजचीच हाय. तोंड आजचं हाय."

"दत्तोबा, तुम्ही घोडीचं तोंड बघा."

"तिचं बी उतरलंय. समदी एका वयाची झालो आपन. वय तेवढं त्या चिंचेचं वाढंना."

मच्छिंद्रला ओट्यावर घेतलं. पूर्वी त्याला खोगिरावर ठेवणं म्हणजे फुलांची पाटी उचलण्यासारखं होतं. आता अय्युब कण्हला, दत्तोबांनी दात आवळले आणि श्यामलाबाईंच्या खांद्यात कळ गेली ती कोपरापर्यंत उतरली. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. आता सांगावं, त्यांच्या मनात आलं. आता नाही तर परत विंगेतच.

"मच्छिंद्र," त्या म्हणाल्या.

"अं?"

त्यानं वरून त्यांच्याकडे पाहिलं. घोडीवर बसल्यावर त्याचा चेहरा नेहमीच बदलायचा. दुकानात मान छातीत रुतलेली असे, इथं ती वर यायची. डोळे लांबवर जायचे, इमारतींच्या पलीकडे, जिथं डोंगराची एक कड अजून दिसत होती.

"रिकिबीत पाय नीट आहे ना?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"आहे. ताई, खांदा कसा आहे?"

"बरा आहे."

मच्छिंद्रनं त्यांच्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अल."

अबोली निघाली. अय्युब पुढं दोर धरून, पाय ओढत. उजवीकडे दत्तोबा. डावीकडे श्यामलाबाई, उजवा हात वर करून मच्छिंद्रच्या मांडीवर ठेवलेला. चिंचेपर्यंत ठीक गेलं. चिंचेपाशी वळण होतं. वळणावर मच्छिंद्र नेहमी डावीकडे कलायचा, तसा कलला, आणि श्यामलाबाईंच्या हाताला ते आधी कळलंही. पण कळून उपयोग झाला नाही. हात त्यांचा राहिलाच नाही. तो मांडीवरून सरकला, गुडघ्यावरून खाली आला आणि रिकिबीच्या पट्ट्याला लोंबत राहिला. मच्छिंद्रनं दोन्ही मुठींनी अबोलीची आयाळ धरली. दत्तोबांनी पलीकडून त्याला ओढून धरलं.

"सांभाळा," दत्तोबा म्हणाले, आणि तो सावरला.

श्यामलाबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू फळीवर ठेवावी तसा त्याच्या मांडीवर परत ठेवला आणि चालू लागल्या. त्यांना वाटलं, हे कुणाला दिसलं नसेल. अय्युबची पाठ होती, दत्तोबा घोडीच्या पलीकडे. पण मच्छिंद्रला वरून सगळ्यांची डोकी दिसत होती.

"आंब."

अबोली थांबली. अय्युब वळला. "अरे, अर्धी फेरी पण नाही झाली. काय झालं?"

"आता बास."

"बास म्हणजे? पाणी हवं का?"

"बास म्हणजे बास. उतरवा." मच्छिंद्र एकेक शब्द जुळवत होता, पण थांबत नव्हता. "मला कंटाळा आलाय. पाठ दुखते. दर रविवारी पहाटे उठायचं. मला पण झोपावंसं वाटतं."

अय्युबनं दोर सैल सोडला. "हे आज सुचलं तुला?"

"केव्हाचं सुचलंय. तुम्ही सगळे एवढे हौशी. म्हटलं, वाईट वाटेल."

दत्तोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "घ्या. आन् आमी म्हंतो, पोराची हौस हाय, मोडाया नगं."

श्यामलाबाईंच्या बधिर हातालाही ते कळत होतं. हाताखाली त्याचा डावा पाय लाकूड झाला होता. मांडीपासून घोट्यापर्यंत, इतका ताठ की रिकीब थरथरत होती. त्यांनी वर पाहिलं. मच्छिंद्र डोंगराच्या कडेकडे बघत होता.

त्यांना म्हणता आलं असतं, खोटं बोलतोस. मच्छिंद्र पोर होता तेव्हा त्या म्हणाल्या असत्या. पाचसहा वर्षांपूर्वीही म्हणाल्या असत्या आणि त्याला दामटून दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या. त्यांना गोपाळकृष्ण आठवले. गरम पोहे आठवले. खांद्यातली कळ ठणकत होती. फार दमल्या होत्या त्या. इतक्या, की समोरच्यानं पुढं केलेलं घेताना लाजायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

तेवढं म्हणताच पाय हळूहळू सैल झाला.

नियमाप्रमाणं स्वार थांब म्हणाला होता. घोडी ओट्याला लावली. मच्छिंद्रला उतरवलं. त्याला खुर्चीत बसवल्यावर श्यामलाबाईंनी पिशवीतली गाजरं काढून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती एकेक करून अबोलीला दिली. तिनं ती नेहमीसारखीच खाल्ली, त्याच्या तळव्याला लाळ लावून.

"हिचं काय करायचं?" अय्युबनं विचारलं.

"र्‍हाऊ द्या की हितंच," दत्तोबा म्हणाले. "मला बी सकाळच्याला बोलाया कोन हाय? पोरं कानात बोळं घालून बसत्यात."

"तिची चंदी-वैरण मी आणीन रविवारची," अय्युब म्हणाला.

"रविवारची कशाला? आता कोन्ता रविवार?"

अय्युब हसला. अबोलीचं खोगीर काढायला म्हणून तो वळला आणि बराच वेळ तिच्या पोटाखालचा पट्टा सोडत राहिला.

परतीची बस कुंपणाला लागूनच थांबत असे. अय्युबनं मच्छिंद्रला रिक्षात बसवलं, पण रिक्षा सुरू केली नाही. श्यामलाबाई स्टॉपवर उभ्या राहिल्या. मनातलं वाक्य अजून तसंच होतं. आता ते म्हणायची गरज नव्हती आणि ते कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना.

"मच्छिंद्र," त्या रिक्षाशी येऊन म्हणाल्या, "दुकान कुठं आहे तुझं? पत्ता नीट सांग. मी येईन."

"झेरॉक्स काढायला?"

"बसायला."

"खुर्ची एकच आहे. ती माझी."

"मग उभी राहीन. मला सवय आहे."

तो हसला. हसताना मान वाकडी झाली आणि लाळ ओघळली. श्यामलाबाईंनी पिशवीतला टॉवेल काढून डाव्या हातानं त्याचं तोंड पुसलं. टॉवेलला घोडीचा वास होता.

बस आली. दार उघडलं. चार पोरं चढली. श्यामलाबाई पायरीशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "बाई, यायचंय का राहायचंय? काय ते एक ठरवा."

श्यामलाबाईंना पाय उचलेना. त्यांनी मागं वळून पाहिलं. रिक्षातल्या मच्छिंद्रनं ते पाहिलं. त्याचे ओठ वळले, कपाळावर आठ्या आल्या.

"अल," तो म्हणाला.

श्यामलाबाईंनी दांडी धरली आणि चढल्या. आणि कुंपणाच्या आत, चिंचेखाली, पाठीवर कुणी नसताना अबोलीनंही पुढं पाऊल टाकलं.